उशाखालचा अडकित्ता

जर्सी सिटीतल्या त्या बाविसाव्या मजल्यावर बाळंतिणीला धुरी देणं शक्यच नव्हतं. चमचाभर ओवा जरा करपला तरी छतावरचा अलार्म बोंबलायला लागे आणि मग टॉवेल हलवत त्याच्याखाली नाचावं लागे. साताऱ्याला बसलेल्या आईला हे काही केल्या पटत नव्हतं. तिला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली होती ती बाळ दहा महिन्यांचं झाल्यावरची. त्यामुळे ती रोज सकाळी व्हिडिओ कॉलवरूनच बाळंतपण करत होती, आणि तिचे हात म्हणून धाकटी लेक सावनी राबत होती.

सावनी सत्तावीस वर्षांची, नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात पीएच.डी. करणारी. या घरी येईपर्यंत तिला चहा आणि मॅगीपलीकडे काही येत नव्हतं. आता ती डिंकाचे लाडू वळत होती, अळीवाची खीर करत होती, जेवणानंतर बाळंतशेपा हातावर ठेवत होती आणि वारा लागू नये म्हणून थोरल्या बहिणीच्या कानांवरून स्कार्फ बांधत होती. प्रतिमा तिच्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी वेण्या घालण्यापासून ते इथल्या पहिल्या हिवाळ्यात दुकानात नेऊन जाड कोट निवडण्यापर्यंत सावनीचं सगळं ताईनंच केलेलं. ताईसाठी काही करायची पाळी पहिल्यांदाच आली होती, आणि ते आपल्या हातून बिघडू नये एवढीच सावनीची इच्छा होती.

"गाठ उजवीकडे नको ना, टोचते," प्रतिमा कुरकुरायची.

"आईनं उजवीकडेच सांगितलंय."

"आईला तिथून काय दिसतंय? आणि तू आधी चपला बाहेर काढ."

सावनीच्या अभ्यासाचा विषय ऐकला की लोक आधी हसत. आयर्लंडच्या परीकथांमधल्या बायका. "म्हणजे पंख वगैरे?" असं तिच्या जिजूनं, अवधूतनं, पहिल्यांदा ऐकल्यावर विचारलं होतं. पंख वगैरे काही नव्हते. एकेकाळी याच भागात मोलकरणी म्हणून आलेल्या आयरिश बायकांच्या आठवणी कुणीतरी त्यांच्या म्हातारपणी टेप करून ठेवल्या होत्या, त्या सावनी चार वर्षं ऐकत होती. त्या म्हाताऱ्या परी हा शब्द उच्चारत नसत. "ती भली मंडळी" म्हणत, तेही आवाज खाली आणून. त्यांच्या गोष्टींतल्या बायका एक तर कुणाच्या मरणाआधी केस विंचरत रडत, नाहीतर पुरुषांना भुलवत, नाहीतर पळवल्या जात. पळवल्या जायच्या त्या बहुतेक बाळंतिणी. भल्या मंडळींच्या पोरांना दूध हवं असे, म्हणून ती मंडळी माणसाची बाई उचलून नेत आणि तिच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी ठेवून जात. गेलेली फार तर एकदा दिसे, तेही घोड्यांच्या घोळक्यातून जाताजाता. तेव्हा तिचा हात धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. गोष्टींतले नवरे हे कधीच धड करत नसत.

सावनीचं म्हणणं सरळ होतं. बाळंतपणानंतर बाई खचली, गप्प झाली, घरादाराला नकोशी झाली, की 'ही आमची नव्हेच' म्हणायला ही गोष्ट सोयीची पडे. मग आमची परत आणायची म्हणून समोर असलेलीला उपाशी ठेवायचं, डागण्या द्यायच्या. एका टेपमध्ये डीलिया नावाची म्हातारी सांगते, की तिच्या बापानं तिच्या आईला तीन दिवस चुलीपुढे धरून ठेवलं होतं. "मग ती परत आली का?" मुलाखत घेणारा विचारतो. "ती गेलीच नव्हती," डीलिया म्हणते. "त्यानंतर मात्र गेली." हे वाक्य सावनीनं प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातलं होतं. टेपवरचा तो आवाज आठवला की अजून तिला राग येई.

त्या लोकांत बाळाच्या पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवत, कारण ती मंडळी लोखंडाच्या जवळ येत नाहीत. हे सावनीला आठवलं ते आईचं कुरिअर आल्यावर. बाळंतविड्यात झबली-टोपडी, सुंठ, बदाम, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला घरातला सुपारी कातरायचा जुना अडकित्ता.

"बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड हवं," आई स्क्रीनवरून म्हणाली. "सव्वा महिना काढायचं नाही."

"आयर्लंडवाले तुझे लांबचे नातेवाईक दिसतायत, आई," सावनी म्हणाली, आणि तिघीही हसल्या. अडकित्ता प्रतिमाच्या उशाखाली गेला.

बाळाचं नाव इला. इला बारा दिवसांची झाली त्या गुरुवारी सावनीला विद्यापीठात आपल्या कामाबद्दल बोलायचं होतं. अवधूतची रजा संपली होती, तो मॅनहॅटनला बँकेच्या ऑफिसात गेला होता. जून महिना होता, नदीवर ऊन चकाकत होतं. सावनीनं ताईला जेवू घातलं, हिरवा स्कार्फ कानांवरून घेऊन उजवीकडे गाठ मारली, इलाला पाळण्यात ठेवलं. प्रतिमाचा डोळा लागला. निघताना सावनीच्या मनात आलं, चिमट्याची स्लाइड दाखवण्याबरोबर आपल्याकडचा अडकित्ताच हातात धरून दाखवला तर? विचारायला हवं होतं, पण ताईची झोप मोडायची नव्हती, आणि चार-पाच तासांत परत यायचंच होतं. तिनं उशी जराशी उचलून अडकित्ता काढला आणि पिशवीत टाकला.

भाषण छान झालं. अडकित्ता हातोहात फिरला, लोकांनी तो उघडझाप करून पाहिला. "माझ्या बहिणीच्या उशाखालून आणलाय," असं सावनीनं सांगितल्यावर तिच्या म्हाताऱ्या प्राध्यापिकेनं चष्म्यावरून पाहत विचारलं, "मग आत्ता तिच्याजवळ कोण आहे?" सगळे हसले. सावनीही हसली.

ती साडेपाचला परतली. दार उघडताच इलाचं रडणं ऐकू आलं, बराच वेळ रडून बसलेल्या घशाचं. प्रतिमा खिडकीपाशी खुर्चीत बसून केस विंचरत होती. तोंड पाळण्याकडे होतं, पण परक्याच्या घरी भांडं पडल्याचा आवाज ऐकावा तशी ती ते रडणं ऐकत होती.

"ताई, अगं रडतीये ना ती."

"हो," प्रतिमा म्हणाली. "आलीस?"

सावनीनं इलाला उचललं. आपण चपला घालूनच आत आलोय हे तिच्या नंतर लक्षात आलं. ताई काही बोलली नव्हती.

"स्कार्फ कुठंय?"

"कुठला?"

स्कार्फ सापडला नाही. ना धुण्यात, ना पलंगाखाली. सावनीनं अडकित्ता मुकाट्यानं उशाखाली सरकवला. त्या दिवसापासून प्रतिमा सोफ्यावर झोपायला लागली. गादीवर पाठ दुखते म्हणाली.

मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली, आणि प्रत्येकीला काही ना काही कारण होतं. प्रतिमाला मीठ नकोसं झालं. वरणात चिमूटभर असलं तरी ती ताट बाजूला सारायची. बाळंतिणीची तोंडाची चव जाते, आई म्हणाली. तिचा फोन तिच्या चेहऱ्यानं उघडेना. बाळंतपणात चेहरा सुजतो, अवधूत म्हणाला आणि त्यानं नवा पासवर्ड टाकून दिला. दूध चार दिवसांत आटलं. कधी गाणं न म्हणणारी प्रतिमा काहीतरी गुणगुणायला लागली, तीच तीच वर न जाणारी चाल. ती चाल सावनीच्या टेपमधली होती. पण सावनी टेप घरातच ऐकायची, भिंती पातळ होत्या, ताईच्या कानांवर पडली असणारच.

सोफ्यावर झोपणाऱ्या बाईच्या उशाखालचं लोखंड पलंगावर एकटंच पडून होतं, म्हणून सावनीनं ते इलाच्या पाळण्यातल्या गादीखाली ठेवलं. याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रतिमा पाळण्यात हात घालेनाशी झाली. "दे ना जरा तिला," असं म्हणून दोन पावलं लांब उभी राहायची. मांडीवर मात्र नीट घ्यायची.

इला बाटलीचं दूध ओढेना. तीन आठवड्यांची झाली तरी तिचं वजन जन्मावेळचंच होतं.

एका संध्याकाळी अवधूत स्वयंपाकघरात आला आणि उगाचच फ्रिज उघडून उभा राहिला.

"सावनी, यार, एक सांगू? वेडा म्हणशील मला." तो फ्रिजमध्येच बघत होता. "भांडत नाही ती. काहीही बोललं तरी 'बरं' म्हणते. मला असं वाटतं, की ही प्रतिमा नाहीये."

सावनीच्या हातातला चमचा खाली पडला. हे वाक्य तिनं टेपवर निदान चाळीस वेळा ऐकलं होतं, चाळीस वेगवेगळ्या बायकांच्या बाबतीत.

"जिजू, हे पुन्हा बोलायचं नाही," ती म्हणाली. "माझ्यासमोर नाही, आईसमोर नाही, मनातही नाही. ती आजारी आहे. उद्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ."

अवधूतच्या डोळ्यांत पाणी आलं. तो भला माणूस होता. त्याला दरडावताना सावनीला आतून हेही कळत होतं, की हेच वाक्य आठवडाभर तिच्या ओठांवर येऊन परत जात होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरबाईंनी दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. बाळंतपणानंतरचं नैराश्य, त्या म्हणाल्या. पुष्कळजणींना होतं, बरं होतं. गोळ्या लिहून दिल्या. परतताना गाडीत सावनीला हायसं वाटलं. दुखण्याला नाव होतं, नावाला औषध होतं. शेजारच्या सीटवर प्रतिमा हात मांडीवर ठेवून बाहेर पाहत बसली होती, आणि सीटबेल्टच्या लोखंडी टोकाला तिचा हात लागू नये म्हणून सावनीनं ते स्वतःच लावलं होतं. आपण असं का केलं, याचा विचार तिनं केला नाही.

इला चाळीस दिवसांची झाली त्या गुरुवारी अवधूत घरूनच काम करत होता, आणि दुपारी तीनच्या सुमारास सावनी लायब्ररीतून परतत होती. ग्रोव्ह स्ट्रीटच्या स्टेशनवर मधोमध प्लॅटफॉर्म आहे आणि दोन्ही बाजूंना रूळ. ती उतरली तेव्हा पलीकडच्या रुळावर नदीखालून मॅनहॅटनकडे जाणारी पाथ रेल्वेची गाडी दारं उघडून उभी होती.

समोरच्या डब्यात सगळ्या बायकाच होत्या. बसायला जागा असून सगळ्या उभ्या होत्या. तरुण होत्या, काही फारच तरुण. सावनीला काहीतरी खटकलं, आणि काय ते कळायला एक क्षण लागला. एकीच्याही हातात फोन नव्हता.

दाराशी ताई उभी होती.

अंगात मरून रंगाचा गाऊन. कानांवरून हिरवा स्कार्फ, गाठ उजवीकडे. गाऊन छातीपाशी दोन्हीकडे ओला झाला होता.

ती सावनीकडे पाहत होती. तिनं उजवा हात दाराबाहेर काढला, तळवा वर करून. लहानपणी रस्ता ओलांडताना ती असाच हात मागे करायची, आणि सावनी तो धरायची.

मध्ये पाच पावलं होती.

सावनी चार वर्षं अभ्यास केलेली मुलगी होती. तिनं आधी खात्री करून घेतली. उजव्या हातानं पिशवीतून फोन काढला आणि घरी लावला.

"जिजू, ताई घरी आहे?"

"हो, ही काय समोर बसलीये. का गं?"

घंटी वाजली. दारं मिटली. हात आत गेला होता की नाही, ते तिला दिसलं नाही.

गाडी निघून गेल्यावरही फोनमधून अवधूतचा आवाज येत होता. "हॅलो? सावनी? काय झालं?" सावनी प्लॅटफॉर्मवर खाली बसली. ज्या हातानं धरायचं त्याच हातात फोन होता. गोष्टींतल्या नवऱ्यांना ती चार वर्षं नावं ठेवत आली होती.

घरी येऊन तिनं बिनमिठाचं वरण लावलं. यापुढे काय करायचं हे तिला कळत नव्हतं, काय करायचं नाही एवढं मात्र पक्कं होतं. सोफ्यावर बसलेली बाई कुणीही असो, तिला कुणी चुलीपुढे धरणार नाही. तिला वेळेवर जेवण मिळेल, गोळ्या मिळतील, कुणी तिच्यावर आवाज चढवणार नाही. सावनीनं ताट समोर ठेवलं तेव्हा त्या बाईनं मान वर करून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

हळूहळू बाई सुधारली. हसायला लागली, शेजारच्या नीनाकाकूंशी दोन शब्द बोलायला लागली. व्हिडिओवर आईनं देवापुढे साखर ठेवली. "थँक गॉड, गोळ्या लागू पडल्या," अवधूत म्हणाला. फक्त इला सुधारेना. बाटली तोंडाशी नेली की मान फिरवायची. मुलांच्या डॉक्टरनं दोन वेळा दूध बदललं आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात वजन वाढलं नाही तर ॲडमिट करावं लागेल. तिचे पाय सावनीच्या अंगठ्याएवढे बारीक झाले होते.

सव्वा महिना उलटून गेला होता, तरी अडकित्ता पाळण्यात होता. सावनी दिवसभर एकच विचार करत राहिली. डीलियाच्या टेपमध्ये शेवटी होतं: पळवलेल्या बाया आपल्या लेकराला पाजायला येतात. मध्ये काही आडवं नसलं तर.

आणि काही आडवं नसलं, तर आणखीही कुणी येऊ शकतं. हेही तिला माहीत होतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी अवधूत ऑफिसात होता. सोफ्यावर बाई झोपली होती. सावनीनं इलाच्या गादीखालून अडकित्ता काढला, बाहेर नेऊन चपलांच्या कपाटात ठेवला आणि परत आली. पाळण्याला पाठ करून जमिनीवर बसली. पाळण्याच्या दांड्यांतून हात मागे घातला आणि इलाचं पाऊल मुठीत धरलं.

या वेळी फोन बंद होता.

बाहेर ऊन होतं. खाली कुठेतरी ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

बाळंतशेपेचा वास आला. घरातली शेप संपून महिना झाला होता.

इला एकदा कण्हली. मग घोट घेतल्याचा आवाज आला. एक, दोन, मग घाईघाईनं.

सावनीच्या मनगटावर कोमट थेंब पडला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाऊल सोडलं नाही. ती नुसती म्हणाली, "ताई, मी चुकले गं."

कुणीतरी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि लहानपणी वेणी घालण्याआधी भांग सारखा करायची तसं कपाळापासून मागे बोट ओढलं. सावनीला रडू कोसळलं. पण तिनं मूठ सोडली नाही.

इला झोपली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात दूध साचलं होतं.

सावनीनं डोळे पुसले. आता अडकित्ता परत ठेवायला हवा होता. ती उठली तर दारात ती दुसरी उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती खोलीत आली नव्हती. तिची नजर पाळण्यातल्या बाळावर नव्हती. पाळण्याशेजारच्या रिकाम्या जागेवर होती.

"एवढ्यात ठेवू नकोस," ती हलकेच म्हणाली. "तिला अजून निघवत नाहीये."

सावनी जागच्या जागी उभी राहिली.

"माझ्या वेळी पाळण्यावरचा चिमटा कुणी काढून ठेवलाच नाही," ती बाई म्हणाली. "मी उंबऱ्यापर्यंत यायचे. आत बाळ रडत असायचं. मग परत जायचे."